सरप्लस दारू आणि घरी भरलेली रायफलची काडतुसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी टेक्सासात राहतो आणि बरीच वर्षं माझ्या रायफलची काडतुसं घरीच भरतो. मंडळाच्या गणपतीत भेटणारी मराठी मंडळी असोत की नेमबाजीच्या रेंजवर शेजारच्या टेबलाशी बसणारे, प्रश्न फिरून तेच येतात: दारू फार महाग झाली, लष्कराची सरप्लस स्वस्तात मिळते म्हणतात, घ्यावी का? त्याची उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो. इथे ‘दारू’ म्हणजे बंदुकीची, आणि वेगळं सांगितलं नसेल तिथे बिनधुराची. नियम सगळे अमेरिकेतले. कुठल्या काडतुसात किती ग्रेन (दारू तोलायचं बारीक वजन) दारू घालायची, याचा आकडा इथे सापडणार नाही. तो दारू बनवणाऱ्या कंपनीच्या चालू पुस्तिकेतूनच घ्यायचा, माझ्याकडून नाही आणि मित्राकडूनही नाही.

१. सरप्लस दारू म्हणजे नेमकं काय? जुनी, वापरलेली असते का?

वापरलेली दारू अशी काही गोष्ट नसते, ती एकदाच जळते. सरप्लस या एका शब्दाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली म्हणजे लष्करी काडतुसांसाठी बनवलेली, पण कधी भरलीच न गेलेली दारू: कंत्राट संपलं, लॉट, म्हणजे एका वेळी बनवलेला घाणा, उरला. दुसरी, लष्करी काडतुसं सुटी करून त्यातून काढलेली. तिला पुलडाऊन म्हणतात (प्रश्न ८). तिसरी, कारखान्यातून ठोकात काडतूस कंपन्यांना जाणाऱ्या दारूतला उरलेला माल. यातली पहिली आणि तिसरी नवीकोरीही असू शकते. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न ‘भाव काय’ हा नाही, ‘यातली कुठली’ हा विचारायचा.

२. मी एच-१बी व्हिसावर आहे. नुसती दारू घ्यायला काय हरकत आहे? बंदूक तर मित्राची आहे.

हरकत आहे, आणि मोठी आहे. आपल्यातल्या बहुतेकांना हे माहीतच नसतं, म्हणून हा प्रश्न इतक्या वर घेतला.

अमेरिकेच्या संघीय कायद्यात ‘अ‍ॅम्युनिशन’च्या व्याख्येत तयार काडतुसाबरोबर रिकामी केस (पितळी नळकांडं), प्रायमर (दारू पेटवणारी टोपी), बुलेट (पुढची गोळी) आणि बंदुकीसाठीची दारू हे चारही सुटे भाग येतात. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा अ‍ॅम्युनिशन बाळगायला बंदी आहे. म्हणजे कपाटातला एक पौंडाचा डबासुद्धा त्यात आला. कायद्याने काही सुटी दिलेल्या आहेत. त्यातली आपल्याला लागू पडण्यासारखी एक: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने रीतसर दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. बरीच माणसं तो काढतात. पण त्याची मुदत संपते त्या दिवशी सूटही संपते, डबा मात्र कपाटातच असतो. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही बंदी लागू नाही.

त्यावर राज्यांचे नियम वेगळे. मॅसॅच्युसेट्समध्ये नुसत्या दारूलाही परवाना लागतो. पुढेमागे ग्रीन कार्डाचा अर्ज करायचा असेल, तर शंभर डॉलर वाचवण्यासाठी हा धोका पत्करू नका. शंका असली तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, रेंजवरच्या जाणकाराला नको.

३. डब्ल्यूसी ८४४, डब्ल्यूसी ८४६, डब्ल्यूसी ८६० हे आकडे काय सांगतात?

डब्ल्यूसी म्हणजे वेस्टर्न कार्ट्रिज. गोल दाण्याची ‘बॉल’ दारू याच कंपनीत फ्रेड ओल्सेन यांनी १९३३ साली तयार केली. आज अमेरिकेतली बहुतेक बॉल दारू फ्लॉरिडातल्या सेंट मार्क्सच्या कारखान्यात बनते, पण जुनी अक्षरं तशीच राहिली.

ढोबळमानाने ८४४ ही ५.५६ मिमीच्या काडतुसाची, ८४६ ही ७.६२ नाटोची, ८६० ही .५० कॅलिबरच्या मशीनगनची, ८७२ ही २० मिमी तोफेची आणि ६८० ही ७.६२ x ३९ ची. दुकानात एच ३३५ म्हणून मिळते ती ८४४ च्या घराण्यातली. बीएल-सी टू ही ८४६ च्या.

दारू तळहातावर घेतली की प्रकार लगेच कळतो. बॉल दारू खसखशीसारखी, कधी दाबून चपटी केलेली, ग्रॅफाइटमुळे काळी चकचकीत. मापाच्या यंत्रातून ती पाण्यासारखी उतरते. दुसरा प्रकार काडीचा, म्हणजे बारीक कातरलेल्या शेवयांचे तुकडे. ४८९५ आणि ४८३१ या काडीच्या. प्रकार ओळखता येतो, दारू कुठली ते मात्र डोळ्यांनी कधीच ओळखता येत नाही. दिसायला सख्ख्या बहिणी वाटणाऱ्या दोन दारूंच्या जळण्याच्या वेगात दुपटीचा फरक असू शकतो.

४. डब्ल्यूसी ८४४ आणि एच ३३५ एकच असतील, तर एच ३३५ चीच मापं वापरून चालेल ना?

नाही. या एका गैरसमजापायी बंदुका फुटतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दुकानातल्या डब्यातली दारू ‘कॅनिस्टर’ दर्जाची असते. कारखान्यातला प्रत्येक लॉट थोडा जलद किंवा थोडा मंद निघतो. कंपनी लॉट तपासते, लागले तर एकमेकांत मिसळते, आणि ठरलेल्या अरुंद पट्ट्यात बसवूनच डबे भरते. म्हणून गेल्या वर्षीचं पुस्तक या वर्षीच्या डब्याला चालतं. लष्कराला याची गरज नसते. काडतुसांच्या कारखान्यात आलेल्या प्रत्येक लॉटचा दाब आणि वेग यंत्रावर मोजतात आणि माप त्या लॉटपुरतं ठरवतात. त्यामुळे ‘डब्ल्यूसी ८४४’ हे एका दारूचं नाव नाही, तो एक रुंद पट्टा आहे.

पट्टा किती रुंद असू शकतो, ते व्हिएतनाममध्ये दिसलं. १९६४ साली अमेरिकन लष्कराने एम-१६ च्या काडतुसात काडीच्या दारूऐवजी बॉल दारू, डब्ल्यूसी ८४६, घ्यायला सुरुवात केली. बॉल दारूत आम्ल मारण्यासाठी कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच, घातलेला असतो. त्याचा थर रायफलच्या बारीक वायुनळीत साचत गेला. रायफली अडण्याची कारणं आणखीही होती: चेंबरला, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या भागाला, क्रोमचा मुलामा नव्हता, साफ करायची साधनंही पुरेशी दिलेली नव्हती. पण दारू हे एक कारण होतंच. पुढे खडूचं प्रमाण कमी केलं आणि ५.५६ ला मानवणाऱ्या लॉटना १९७० मध्ये वेगळं नाव दिलं, ते हे ८४४. तोवर तीच ८४६ दोन अगदी वेगळ्या काडतुसांत चालत होती.

मग सरप्लस लॉटचं माप कसं बांधायचं? ते प्रश्न ९ मध्ये आहे.

५. खरंच किती वाचतात? हिशेब मांडून दाखवा.

पौंडाचा भाव विसरा, एका काडतुसाचा भाव काढा. एका पौंडात ७००० ग्रेन. .२२३ रेमिंग्टन या काडतुसाला हिशेबापुरते २५ ग्रेन धरले तर पौंडात २८० काडतुसं होतात. दुकानातली दारू ४५ डॉलर पौंड असेल, तर एका काडतुसाला १६ सेंटची दारू लागते.

आता समजा सरप्लस २५ डॉलर पौंड आहे. आठ पौंडांची बरणी २०० ची. त्यावर धोकादायक मालाचा आकार, ज्याला सगळे हॅझमॅट म्हणतात, तो ४० डॉलर आणि कुरियरचे २०. झाले २६०. पौंडाला साडेबत्तीस, काडतुसाला साधारण ११.६ सेंट. म्हणजे काडतुसामागे साडेचार सेंट वाचले. बरणीत २२४० काडतुसं होतात, त्यावर वाचले शंभर डॉलर.

हीच दारू एक पौंड मागवलीत तर २५ अधिक ६० मिळून ८५ डॉलर, काडतुसाला ३० सेंट. दुकानापेक्षा जवळजवळ दुप्पट! उलट पाच जणांनी मिळून एकाच खोक्यात पाच बरण्या मागवल्या, तर हॅझमॅट बहुधा एकदाच लागतो आणि भाव दहा सेंटच्याही खाली येतो. बरण्या सीलबंदच वाटायच्या, ओतून नाहीत. खोकं येईल त्याच दिवशी वाटायच्या (प्रश्न १२), आणि घेणारा प्रत्येक जण कायद्याने पात्र हवा (प्रश्न २).

माझं मत: वर्षाला हजारावर काडतुसं उडवणाऱ्यालाच सरप्लस परवडते, आणि तीही एकाच रायफलमधून, एकाच बुलेटची. वर्षाला चाळीस काडतुसं लागणाऱ्या शिकाऱ्याने दुकानातला डबा घ्यावा.

६. मिळते कुठे?

सरप्लस घटक विकणारे मोजके व्यापारी आहेत. ते वर्षातून काही वेळा लॉट आणतात आणि तो चार-दोन दिवसांत संपतो. त्यांच्या ईमेल यादीत नाव घालून ठेवा. नेमबाजी क्लबातले जुने सभासद एकत्र मागणी नोंदवतात, त्यांना विचारा. वाहतूक फक्त परवानगी असलेल्या विक्रेत्याकडूनच होते. टपालाने दारू पाठवायला मनाई आहे, आणि घरी उरलेली बरणी आपण कुरियरने मित्राला पाठवणं हाही गुन्हाच. गन शोमधून, म्हणजे बंदुकांच्या प्रदर्शन-बाजारातून, घ्यावी का, याचं उत्तर प्रश्न ८ मध्ये माझ्या फजितीसकट आहे.

७. जुने लोक म्हणतात पूर्वी मातीमोल मिळायची. खरं का? आणि आता का नाही?

खरं आहे. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकन सरकारकडे दारूचे डोंगर उरले होते आणि ती जाळून टाकायची चालली होती. कॅन्ससचे ब्रूस हॉजडन यांनी आयुर्विम्यावर कर्ज काढून .३०-०६ च्या काडतुसांची ५०,००० पौंड ४८९५ विकत घेतली. ठेवायला जागा नव्हती, म्हणून रेल्वेचा एक जुना डबा घेऊन भाड्याच्या कुरणात उभा केला. मासिकात एक इंची जाहिरात दिली. १५० पौंडांचं पिंप ३० डॉलर अधिक वाहतूक, म्हणजे पौंडाला २० सेंट! अमेरिकेतला घरगुती काडतुसं भरण्याचा छंद त्या पिंपांवर वाढला. आज दुकानात ‘एच’ लावलेले जे डबे दिसतात तो एच त्यांच्याच आडनावाचा, आणि त्यातल्या बऱ्याच दारूंचे मूळपुरुष सरप्लस होते. ४८३१ ही २० मिमी तोफांची होती. तेव्हा एवढी मंद दारू रायफलीसाठी कुणी बनवतच नव्हतं.

आता तसे डोंगर उरले नाहीत. शिवाय २०२० नंतर मागणी उसळली, आणि युक्रेनच्या युद्धानंतर नायट्रोसेल्युलोज, म्हणजे बिनधुराच्या दारूचा मूळ घटक, जगभर तोफगोळ्यांकडे वळलं. २०२४ च्या सुरुवातीला तर अलायंट या दारू कंपनीने कच्च्या मालाच्या टंचाईमुळे दारूचा पुरवठा थांबवल्याचं जाहीर केलं होतं. अशा दिवसांत सरप्लसचा भावही दुकानातल्या भावाला जाऊन भिडतो. मग ती घेण्यात काही अर्थ नाही.

८. पुलडाऊन दारू घ्यावी का?

व्यापारी नावाजलेला असेल, डब्यावर लॉट क्रमांक असेल आणि ‘हा एकाच लॉटच्या काडतुसांतून काढलेला माल आहे’ असं तो लेखी देत असेल, तर घ्यावी. तिच्यात बुलेट बसवताना लावलेल्या डांबरी लुकणाचे काळे कण सापडतात, ते बारीक चाळणीने निघतात. खरी भीती सरमिसळीची असते.

मी एकदा फसलो आहे. एका गन शोमध्ये पांढऱ्या प्लास्टिकच्या बरणीत आठ पौंड, बाहेरून मार्करने ‘८४४ पुलडाऊन’ लिहिलेलं, साठ डॉलरला. विकणारा माणूस गोड बोलणारा, भाव तर त्याहून गोड. मी घेतली. घरी आल्यावर चमचाभर दारू पांढऱ्या कागदावर पसरली आणि टेबलाचा दिवा खाली ओढला. चपट्या काळ्या खसखशीत मधूनच एक काडी दिसली. मग आणखी एक. सुईच्या टोकाने बाजूला काढत गेलो तर चमच्यात अकरा काड्या निघाल्या. म्हणजे कुणीतरी दोन वेगळ्या दारू एकात ओतल्या होत्या. दोन बॉल दारू मिसळल्या असत्या तर मला काही दिसलंच नसतं आणि मी ती बिनघोर भरली असती. साठ डॉलर गेल्याचं दुःख नाही, पण त्या ‘नसतं’चा विचार आला की अजून पोटात गोळा येतो. दुसऱ्या दिवशी अग्निशमन केंद्राला फोन करून बरणी विल्हेवाटीला दिली.

तेव्हापासून कारखान्याचं किंवा व्यापाऱ्याचं छापील लेबल आणि शाबूत सील नसलेली दारू मी फुकटसुद्धा घेत नाही.

९. सरप्लस लॉटसाठी माप कसं ठरवायचं?

व्यापारी सांगतो की हा लॉट अमुक कॅनिस्टर दारूच्या जवळचा आहे, तिच्यापेक्षा जरा जलद किंवा जरा मंद. त्या कॅनिस्टर दारूच्या चालू पुस्तिकेत तुमच्या बुलेटच्या वजनाला दिलेलं सुरुवातीचं माप पाहायचं. सर्वांत मोठं नाही, सुरुवातीचं. लॉट जलद असल्याचं सांगितलं असेल तर त्याहूनही खालून. तिथून थोडं थोडं चढायचं, प्रत्येक पायरीला पाच काडतुसं आणि समोर गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ.

आपल्याकडे दाब मोजायचं यंत्र नसतं, म्हणून वेगावर नजर ठेवायची. पुस्तिकेतला वेग तुम्ही पुस्तिकेतल्यापेक्षा कमी दारूत गाठलात, तर तुमचा लॉट जलद आहे आणि तुम्ही मुक्कामाला पोहोचलात. ‘अजून अर्धा ग्रेन बसतोय’ म्हणून पुढे जायचं नाही. बोल्ट (रायफलची मागची खिट्टी) जड उचलला गेला, प्रायमर चपटा झाला, केसच्या बुडावर चकचकीत वण उठला, ही लक्षणं उशिरा येतात. त्यांची वाट पाहू नका.

लष्करी पितळी केस बहुधा जाड असते, आत जागा कमी, त्यामुळे त्याच मापाला दाब जास्त. केस बदलली की पुन्हा खालून. बरणी संपून नवा लॉट आला की तीही नवी दारूच समजायची, मग लेबलावरचा आकडा जुनाच का असेना. म्हणून लॉट चांगला निघाला तर तोच जास्त घेऊन ठेवतात, अर्थात प्रश्न १२ मधली मर्यादा सांभाळून.

१०. वडिलांच्या काळच्या वहीत ४८३१ चं माप आहे. दुकानातली ४८३१ चालेल ना?

आधी कुठली ४८३१ ते पाहा. हॉजडनची एच ४८३१ तोफेच्या सरप्लस दारूवरून आली. १९७० च्या दशकात त्याच आकड्याची, पण आयएमआर या दुसऱ्या नावाची, आयएमआर ४८३१ बाजारात आली आणि ती तिच्याहून जलद आहे. एच ची मापं आयएमआर ला लावली तर दाब धोक्यात जातो. आकडा सारखा असला तरी आधीची अक्षरंही तितकीच महत्त्वाची. ४८९५ चंही तसंच, एच आणि आयएमआर या दोन वेगळ्या दारू. वहीत नुसता आकडा असेल तर ती वही आठवण म्हणून जपा, माप नव्या पुस्तिकेतून घ्या.

११. दारू शिळी किंवा खराब झाली हे कसं ओळखायचं?

बिनधुराची दारू म्हणजे नायट्रोसेल्युलोज, आणि काही प्रकारांत नायट्रोग्लिसरिनही. ते वर्षानुवर्षं हळूहळू विघटित होतं आणि आम्लधर्मी वाफा सोडतं. त्या शोषायला दारूत डायफेनिलअमाइनसारखा स्थिरक घालतात. तो संपला की विघटन वेग घेतं. थंड, कोरड्या जागी ठेवलेली दारू काही दशकं सहज टिकते. टिनाच्या शेडमध्ये टेक्सासचे चार उन्हाळे काढलेली दारू मात्र लवकर जाते. ज्या लॉटचा पूर्वेतिहास माहीत नाही, त्याने हे उन्हाळे कुठे काढले कोण सांगणार?

मी प्रत्येक बरणी उघडताना तीन गोष्टी करतो. झाकण जरा लांब धरून उघडतो आणि हाताने वारा घालत वास घेतो. चांगल्या दारूला ईथर-स्पिरिटसारखा हलका वास असतो. बिघडलेलीचा आंबट, नाकात झोंबणारा. मग झाकणाची आतली बाजू आणि धातूचे भाग पाहतो, गंज धरलाय का. मग पांढऱ्या कागदावर ओतून कागद तिरपा करतो. मागे विटकरी रंगाची धूळ राहिली तर दारू गेली. तांबूस-तपकिरी वाफ दिसली किंवा डबा हाताला कोमट लागला, तर काही तपासत बसू नका. डब्यात पाणी ओता, घराबाहेर मोकळ्यावर ठेवा आणि अग्निशमन दलाला कळवा.

बिघडलेल्या दारूने काडतूस नुसतं फुसकं होतं असं समजू नका. ती साठ्यात आपोआप पेट घेते. लुइझियानातल्या कॅम्प मिंडेनमध्ये मोडीत काढलेल्या तोफेच्या दारूचा एक बंकर ऑक्टोबर २०१२ मध्ये उडाला. त्यानंतर तिथे नीट न ठेवलेली आणखी सुमारे दीड कोटी पौंड दारू सापडली. ती बंद भट्टीत जाळून संपवायला २०१७ उजाडलं.

१२. घरात किती ठेवता येते, आणि कशात? माझ्याकडे जाड पोलादी तिजोरी आहे.

तिजोरीत अजिबात नको. आपल्याला हे उलटं वाटतं, कारण किल्ल्यावरचं दारूकोठार आपण पाहिलेलं असतं: वस्तीपासून दूर, हातभर जाडीच्या दगडी भिंती. ती काळी दारू होती, ठिणगी पडली की उघड्यावरही भडका. बिनधुराची दारू मोकळ्यावर पेटली तर जोरात जळते, फुटत नाही. तिला कोंडली की वायूचा दाब वाढतो, दाब वाढला की ती आणखी जलद जळते, आणि पोलादी तिजोरीचा बाँब होतो. काडतुसात आपण हेच घडवतो. म्हणून तिला लाकडी पेटी हवी, जिची एक बाजू किंवा सांधे इतके सैल असावेत की दाब सहज बाहेर पडेल.

देशात बहुतेक ठिकाणी मानतात त्या अग्निसुरक्षा संहितेप्रमाणे घरात २० पौंडांपर्यंत मूळ डब्यात ठेवता येते. २० च्या वर ५० पर्यंत असेल तर किमान एक इंची लाकडाच्या पेटीत किंवा कपाटात. शहराचा नियम याहून कडक असू शकतो, आणि अपार्टमेंटच्या करारात तर बरेचदा साफ मनाई असते. डब्यातली दारू दुसऱ्या बरणीत ओतू नका. मापाच्या यंत्रात उरलेली दारू त्याच दिवशी तिच्याच डब्यात परत, आणि टेबलावर एका वेळी एकच डबा. प्रायमर त्याच पेटीत नकोत. गॅरेजमधला पाण्याचा हीटर आणि ही पेटी एका भिंतीला नकोत.

१३. डब्ल्यूसी ८६० सगळ्यांत स्वस्त असते. .३०-०६ मध्ये चालते का? जरा कमी घातली तर आणखी वाचतील!

८६० ही .५० कॅलिबरची अतिशय मंद दारू आहे. तिचं घर म्हणजे जड बुलेटच्या मोठ्या मॅग्नम केस. लोक .३०-०६ मध्येही ती काठोकाठ भरून वापरतात. मिळतो तो संथ वेग, नळीत काजळी, आणि केसच्या गळ्यापाशी न जळलेले दाणे. थंडीत तर ती धड पेटतही नाही. आवाज फुसका आला तर थांबा, बोल्ट काढा, नळीतून आरपार उजेड दिसतो का पाहा. आत अडकलेल्या बुलेटवर दुसरी गोळी झाडली की नळी फाटते.

आणि कमी घालणं? मंद दारू अर्धवट भरलेल्या केसमध्ये कधी कधी अचानक प्रचंड दाब देते. चांगल्या बंदुका अशाने फुटल्या आहेत. मंद दारू छापील किमान मापाच्या खाली कधीही नेऊ नका. हलकी काडतुसं हवीत तर त्यासाठी पुस्तिकेत वेगळ्या दारू दिलेल्या असतात.

.२२३ किंवा .३०८ साठी ८६० घेऊच नका. स्वस्त असली तरी ती तुमच्या कामाची नाही.

१४. दोन बरण्यांत थोडी थोडी उरली आहे. एकात एक ओतू का?

नाही. एकाच नावाच्या दोन लॉटची असली तरी नाही. जुनी संपवा, मग नवी उघडा.

१५. शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये दारूचे डबे निघाले, कुटुंबीय मला देतायत. घेऊ?

सील न फुटलेले, मूळ लेबलाचे डबे असतील, तर प्रश्न ११ मधल्या तपासण्या करून घेता येतील. उघडलेला डबा चांगल्या कंपनीचा असला तरी घेऊ नका. लेबल बाहेर आहे, आत काय ओतलं ते सांगणारा माणूस आता नाही. त्या कुटुंबाला मदत करायची असेल तर अग्निशमन केंद्राला फोन करून विल्हेवाट लावून द्या. आजोबांचा तराजू, डाय (केसला आकार देणारे साचे) आणि वह्या मात्र आनंदाने घ्या.

१६. मी मित्रांसाठी काडतुसं भरून चार पैसे घेतले तर?

स्वतःपुरतं भरायला संघीय परवाना लागत नाही. धंदा म्हणून भरून विकायला लागतो. कायद्याच्या आधी माझं कारण वेगळं आहे. सरप्लस लॉटचं माप मी माझ्या रायफलवर बांधलेलं असतं, मित्राचं चेंबर वेगळं. मी कुणाला माझं काडतूस देत नाही आणि कुणाचं घेत नाही.

१७. सुट्टीला गावी जाताना भावासाठी डबाभर नेता येईल का? महाराष्ट्रात अशी सरप्लस मिळते का?

विमानात दारू आणि प्रायमर दोन्हींना बंदी आहे, केबिनमध्येही आणि चेक-इन बॅगेतही. भारतात पोहोचल्यावर शस्त्र कायदा १९५९ आणि स्फोटक कायदा १८८४ वेगळेच. नेण्याचा विचारही नको. रेंजवर वापरलेली बॅगही प्रवासाला घेऊ नका. तळाशी एखादा प्रायमर किंवा काडतूस राहिलेलं असतं आणि विमानतळावर सापडतं.

महाराष्ट्रात दारूगोळ्याचे कारखाने जुने आणि मोठे आहेत: खडकी, वरणगाव, भंडारा. वरणगावला रायफलची काडतुसं होतात, भंडाऱ्याला दारू. पण तो माल सैन्यदलांचा. उरलेली दारू नागरिकांना विकण्याचा अमेरिकेसारखा बाजार तिथे नाही. भावाकडे परवान्याची रायफल असेल, तर त्याने परवान्यावर मिळणारी तयार काडतुसंच घ्यावीत. कुणी त्याला ‘फॅक्टरीतली दारू’ म्हणून पुडी देऊ केली तर ती चोरीची तरी असेल किंवा भेसळीची तरी.